शेजारच्या कुत्र्याने चावा घेतला: भरपाई मागावी का, आणि कशी?

निशिगंध_

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाच्या मोठ्या कुत्र्याने माझ्या आईवर हल्ला केला. जिन्यात समोरासमोर गाठ पडली. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता, पण दोरी कुणाच्याच हातात नव्हती. आईने त्याला हटकलं नाही, हात लावला नाही, ती भिंतीला चिकटून उभी राहिली. त्याने तिचा उजवा हात मनगटाच्या वर धरला आणि मालक येईपर्यंत सोडला नाही. जखम खोल आहे. अंगठा आणि तर्जनी अजून नीट वळत नाहीत. टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोराला) इजा झालीय, शस्त्रक्रिया लागू शकते असं डॉक्टर म्हणतात. आई घरी शिवणकाम करते. उजव्या हातावरच तिची कमाई आहे.

शेजारी माणसं म्हणून वाईट नाहीत. त्या दिवशी सोबत दवाखान्यात आले, तिथलं बिल त्यांनीच भरलं. पण काल एक कागद घेऊन आले. त्यावर लिहिलंय की उपचाराचा खर्च मिळाला, यापुढे आमची कोणतीही तक्रार किंवा मागणी नाही. सही करा म्हणतात. बाबा म्हणतात करून टाक, रोज तोंड बघायचंय. आई काहीच बोलत नाही. मला मात्र हे पटत नाहीये.

सही करावी का? आणि भरपाई मागायची तर कशाची मागायची, कुणाकडे, आणि पुरावा काय लागतो? ज्यांना अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

चाफा_चाफा

सही करू नका. बाकीचं नंतर.

टाकेवाला

मी शल्यचिकित्सक आहे. भरपाईच्या आधी उपचाराचं विचारतो, कारण तिथे चूक झाली तर भरपाईला अर्थच उरत नाही.

रेबीजची लस सुरू झाली का? आणि जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन दिलं का? कातडी फाटून रक्त आलं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती तिसऱ्या श्रेणीची जखम होते आणि तिथे नुसती लस पुरत नाही. लस शरीराला प्रतिपिंडं तयार करायला लावते, त्याला दिवस लागतात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं, जी त्या मधल्या काळात जखमेच्या जागीच विषाणूला अडवतात. पहिल्या दिवशी राहून गेलं असेल तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर उपयोग नाही. स्नायूत देत असतील तर लसीचे दिवस 0, 3, 7, 14 आणि 28 असे असतात. एकही चुकवू नका.

"आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्यात" हे ऐकून थांबू नये. त्याचं लसीकरणाचं पुस्तक बघा, दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगा, पण आईंची लस त्यासाठी अडवून ठेवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं याने जातात असा अंदाज आहे, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये 99 टक्के वेळा कारण कुत्रा असतो.

टाके लगेच घातले नसतील तर ते बरोबरच केलं. चाव्याची जखम शिवून बंद केली तर जंतू आत अडकतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं असेलच.

आता तुमच्या प्रश्नाचं. हाताच्या सर्जनला दाखवा, टेंडनची दुरुस्ती उशिरा केली तर अवघड होत जाते. प्रत्येक वेळच्या कागदावर "कुत्र्याचा चावा" हे शब्द, तारीख, कोणता हात, बोटं किती वळतात, हे लिहून मागून घ्या. नुसतं "जखम, मलमपट्टी" असा शेरा मी शेकडो कागदांवर पाहिलाय. पुढे न्यायालयात त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

मृदगंध77

टाकेवाला, खूप माहितीपूर्ण प्रतिसाद. साबणाने धुण्याबद्दलही लिहा ना, इतरांसाठी.

टाकेवाला

हो, राहिलंच. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. खरोखर घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, तिखट, चुना, कॉफी, यातलं काहीही जखमेत भरायचं नाही.

परखड_मत

इथे बहुतेक सगळे "दावा ठोका" म्हणणार, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शेजारी दवाखान्यात आले, बिल भरलं. हल्ली एवढंही कोण करतं? कुत्रा हा मुका जीव आहे, त्याने ठरवून केलं नाही, मालकानेही सोडून दिलं नव्हतं मुद्दाम. कोर्टात गेलात तर वर्षानुवर्षं तारखा, आणि जिन्यात भेटल्यावर माना फिरवायच्या. आईंना या वयात ते सोसवेल का, हे आधी बघा. बाबांचं म्हणणं मला पटतं.

सातवा_मजला

परखड_मत, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य करून असहमत.

माझ्या मुलाला नातेवाइकांच्या कुत्र्याने गालावर चावलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. आम्हीही "घरचंच आहे" म्हणून काही मागितलं नाही. चेहऱ्यावरचा व्रण मुलाबरोबर वाढतो हे आम्हाला नंतर कळलं. गाल मोठा होतो, व्रण ताणला जातो, ओठाचा कोपरा ओढला जातो. त्यावर पुढे शस्त्रक्रिया झाली, आणखी एक होणार आहे. आणि भीती वेगळीच. रस्त्याच्या पलीकडे कुत्रा दिसला तरी तो माझा हात इतका घट्ट धरतो की नखं रुततात. या सगळ्याचा हिशेब त्या पहिल्या बिलात कुठे होता?

पैसे मागितले म्हणून नातं तुटतं असं म्हणतात. आमचं न मागताही तुटलं. दर वेळी त्यांच्या घरी गेलं की मुलाचा चेहरा सगळ्यांना दिसायचा आणि कुणी बोलायचं नाही. मागितलं असतं, त्यांनी दिलं असतं, तर निदान काहीतरी बोलणं झालं असतं.

धूमकेतू_९

सातवा_मजला, +1. मुलाला शुभेच्छा.

कलम_आणि_दौत

मी दिवाणी वकिली करते. भारतातला कायदा सांगते, बाहेरचे सदस्य आपापल्या देशाचं लिहितीलच.

रस्ते दोन आहेत आणि ते एकमेकांना अडवत नाहीत.

पहिला फौजदारी. भारतीय न्याय संहितेचं कलम 291: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 च्या आधीच्या घटनांना जुन्या दंड संहितेचं कलम 289 लागतं, तिथे दंड फक्त 1,000 रुपये होता. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा असतो. ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून परत पाठवत असतील तर हे शांतपणे सांगा आणि लेखी अर्जाची पोच घ्या. शिक्षा देताना न्यायालय जखमी माणसाला भरपाई द्यायलाही सांगू शकतं, ती तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 395 मध्ये आहे. पण निव्वळ त्यावर अवलंबून राहू नका. मुंबईत रॉटवायलर जातीचा कुत्रा चावल्याच्या एका खटल्यात घटना 2010 ची होती आणि मालकाला तीन महिन्यांची कैद झाली ती 2023 मध्ये.

दुसरा दिवाणी. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई. यात काय काय येतं ते बारकाईने बघा, कारण लोक फक्त दवाखान्याची बिलं जोडतात आणि थांबतात. झालेला खर्च येतोच. पुढे लागणारी शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी येते, त्यासाठी डॉक्टरांचं अंदाजपत्रक लागतं. बुडालेली कमाई येते. हात पूर्वीसारखा चालला नाही तर पुढची घटलेली कमाई येते. वेदना, व्रण, मनात बसलेली भीती, आयुष्यातल्या ज्या गोष्टी आता करता येत नाहीत त्या, हे सगळं भरपाईत धरतात. सोबतीला राहण्यासाठी तुम्ही रजा काढली असेल तर तीही.

आता कागदाचं. त्या कागदाचा मसुदा "यापुढे कोणतीही मागणी नाही" असा असेल तर सही केल्यावर समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद न्यायालयात ठेवेल. आईंच्या हाताचं अजून निदानही पूर्ण झालेलं नाही. काय गमावलंय हे माहीत नसताना सगळ्यावर पाणी सोडायचं नाही.

परखड_मत

वकीलबाई, माहितीबद्दल आभार. पण शिवणकामाची कमाई सिद्ध कशी करणार? पगाराची चिठ्ठी थोडीच असते.

कलम_आणि_दौत

प्रश्न रास्त आहे. मापांची वही, गिऱ्हाइकांचे मोबाइलवरचे निरोप, ऑनलाइन आलेले पैसे, बँकेचं पुस्तक, कापड आणि अस्तर घेतल्याच्या पावत्या, दोनचार नेहमीच्या गिऱ्हाइकांचे जबाब. यातून चित्र उभं राहतं. काहीच नसलं तरी न्यायालय अंदाजाने उत्पन्न धरतं. रस्ते अपघातांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामालाही आर्थिक मूल्य आहे हे वारंवार सांगितलंय, 2021 च्या एका निकालात तर फारच ठामपणे. तो तर्क इथेही मांडता येतो. म्हणजे आईंचं शिवणकाम आणि घरकाम, दोन्ही मांडा. स्वयंपाकाला, धुण्याला कुणाला ठेवावं लागलं असेल तर तो खर्चही.

लॅबची_आई

मी पंधराएक वर्षं कुत्री पाळतेय. आमच्या लोकांना राग येईल, तरी लिहिते: निशिगंध, भरपाई मागा.

"आमचा काही करत नाही" हे वाक्य मी बागेत रोज ऐकते. प्रत्येक कुत्रा काही करत नाही, जोपर्यंत करत नाही. जिना ही कुत्र्यासाठी सगळ्यात वाईट जागा आहे. अरुंद, पळायला वाट नाही, समोरून माणूस अचानक वळणावर येतो. म्हणून जिन्यात आणि लिफ्टमध्ये दोरी आखूड धरायची, हातात गुंडाळून. एवढी साधी गोष्ट मालकाने केली नाही, आणि त्याची किंमत तुमच्या आई भरतायत. कुत्र्याला जबाबदार धरणं मला मान्य नाही, मालकाला धरणं शंभर टक्के मान्य आहे.

एक महत्त्वाचं. त्यांनी कुत्र्याचा विमा काढलाय का ते विचारा. पाळीव प्राण्यांच्या बऱ्याच विम्यांत तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचं संरक्षण असतं. तसं असेल तर पैसे शेजाऱ्यांच्या खिशातून जाणारच नाहीत आणि निम्मं भांडण तिथेच संपेल. पण विमा कंपनीला वेळेत कळवावं लागतं, ते त्यांना आजच सांगा.

आणि कृपा करून त्या कुत्र्याला घालवून द्या असा हट्ट इमारतीने धरू नये. सोडून दिलेला, घाबरलेला, चावण्याचा इतिहास असलेला कुत्रा रस्त्यावर आला की पुढचा चावा ठरलेला. तोंडाला जाळी, प्रशिक्षक, आखूड दोरी, हे लेखी कबूल करून घ्या.

चाफा_चाफा

लॅबची_आई, या प्रतिसादाला अनुमोदन. दोन्ही बाजू इतक्या स्वच्छ मांडलेल्या क्वचित दिसतात.

दूरदेशी

बाहेरचं थोडं लिहितो. कॅलिफोर्नियात दिवाणी संहितेचं कलम 3342 आहे. कुत्रा चावला, आणि तुम्ही सार्वजनिक जागी किंवा कायदेशीरपणे कुणाच्या आवारात होतात, एवढं पुरेसं. आधी कधी चावला होता का, मालकाला स्वभाव माहीत होता का, हे बघतच नाहीत. बहुतेक वेळा पैसे घरमालकाच्या विम्यातून येतात, त्यामुळे शेजाऱ्याशी थेट भांडण होत नाही. दावा दोन वर्षांत करावा लागतो.

पण सगळीकडे असं नाही. टेक्सासमध्ये अजून जुना नियम चालतो: मालकाला आधीपासून ठाऊक होतं हे दाखवा, किंवा मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करा. लोक त्याला "पहिला चावा माफ" म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षं निष्काळजीपणाचा दावाच चालत नव्हता, आधीचा हिंस्र स्वभाव ठाऊक असल्याचं दाखवावंच लागायचं. एप्रिल 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती भिंत पाडली. तो दावा टपाल पोचवणाऱ्या एका बाईंचा होता.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीत नागरी संहितेचं कलम 833. हौसेसाठी पाळलेला प्राणी असेल तर मालक जबाबदार, चूक असो वा नसो. पोटापाण्यासाठी पाळलेला, म्हणजे मेंढपाळाचा कुत्रा वगैरे असेल, तर मालकाला "मी योग्य काळजी घेतली होती" असं सिद्ध करून सुटता येतं. तत्त्व मला आवडतं. हौस तुमची, तर धोकाही तुमचा.

परखड_मत

इंग्लंडचं कुणाला माहितेय का? आपले कायदे तिथूनच आले ना.

कलम_आणि_दौत

तिथे 1971 चा प्राणी कायदा आहे. त्याचं कलम 2 वाचताना न्यायाधीशांनीही कपाळाला हात लावलाय. ढोबळ अर्थ असा: अशा प्राण्याकडून इजा झाली तर ती गंभीर असण्याची शक्यता, त्या प्राण्याचा किंवा त्या प्रसंगातला विशेष स्वभाव, आणि मालकाला त्याची जाणीव, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. इजा पूर्णपणे जखमी माणसाच्याच चुकीने झाली असेल तर मालक सुटतो.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. निष्काळजीपणाच दाखवावा लागतो. म्हणून निशिगंध, तुम्हाला एक थेट प्रश्न: हा कुत्रा आधी कुणावर धावून गेला होता का? आणि जिन्यात कॅमेरा आहे का? असला तर चित्रण आजच मागा. बहुतेक यंत्रं जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं घेतात.

निशिगंध_

सगळ्यांचे मनापासून आभार. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही पहिल्याच दिवशी झालंय. हाताच्या सर्जनची वेळ घेतली.

कॅमेरा तळमजल्यावर आहे. जिन्याचं पहिलं वळण त्यात येतं, हल्ला दिसत नाही, पण कुत्रा एकटा वर पळताना आणि मालक मागून धावताना दिसतो. सचिवांनी प्रत दिली, लेखी अर्ज घेऊन.

आधीचं म्हणाल तर, गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या ताईंच्या पोटरीला तो चावला होता. मला हे परवा कळलं. त्यांना मलम आणि एका दिवसाची सुट्टी मिळाली होती. त्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस घेऊन आल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्याच घरी काम करतात.

मृदगंध77

हे वाचून फार वाईट वाटलं. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

कलम_आणि_दौत

निशिगंध, तुमच्या दाव्यासाठी हा सगळ्यात मोठा दुवा आहे. मालकाला माहीत होतं. माहीत असूनही दोरी सोडली.

पण त्या ताईंकडे फक्त साक्षीदार म्हणून बघू नका. त्यांचाही स्वतःचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार महिला आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तुमच्या आईंनाही हे लागू आहे. तिथे दावा दाखल करण्याआधीच दोन्ही पक्षांना बोलावून तडजोड करता येते. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. परखड_मत यांना तारखांची काळजी वाटत होती, त्यावर माझं उत्तर हे आहे.

त्यांचं काम जाऊ नये याची काळजी घ्या. आधी त्यांना विचारा, मग त्यांचं नाव कुठल्याही कागदावर लिहा.

परखड_मत

हे मला माहीत नव्हतं. कोर्ट नको, पण प्राधिकरणात समोरासमोर बसून ठरवणं मला पटतं. त्या ताईंचं वाचून माझं आधीचं मत तसंच ठेवता येत नाही.

चौकटीबाहेर

पाळीव कुत्र्याचं ठीक आहे, मालक सापडतो. भटक्या कुत्र्याने चावलं तर? मला वाटतं दर दाताला 10,000 रुपये मिळतात असा नियम झालाय ना? व्हॉट्सअपवर फिरत होतं. महापालिकेला आता दात मोजणारा अधिकारी नेमावा लागेल :)

कलम_आणि_दौत

अर्धवट फिरतंय ते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये तसं सांगितलं: प्रत्येक दाताच्या खुणेला किमान 10,000 रुपये, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरला किमान 20,000. जबाबदारी प्रथम राज्याची, मग राज्याने ते पैसे दोषी यंत्रणेकडून किंवा खासगी मालकाकडून वसूल करायचे. अर्ज करण्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या, आणि निर्णय चार महिन्यांत. पण तो निकाल पंजाब, हरियाणा आणि चंदीगडपुरता बांधील आहे. दुसऱ्या राज्यात वकील त्याचा दाखला देऊ शकतो, न्यायालय तो मानायला बांधलेलं नाही.

केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली, तिच्याकडे भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यातल्या जखमींनी अर्ज करायचे होते. महाराष्ट्रात महापालिकेवर दावा लावायचा तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 नुसार आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि सहा महिन्यांच्या आत दावा. ही मुदत फार लोकांची हुकते. बृहन्मुंबईचा कायदा वेगळा आहे, तिथेही आधी नोटीस लागतेच.

धूमकेतू_९

मग हे भटके कुत्रे उचलतच का नाहीत? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये सांगितलं होतं ना.

लॅबची_आई

11 ऑगस्ट 2025 चा आदेश दिल्ली आणि परिसरापुरता होता. 22 ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून त्याच भागात परत सोडायचं, रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे वगळून. खायला घालण्यासाठी ठरावीक जागा करायच्या. मग 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणचे कुत्रे तिथे परत सोडू नका असं सांगितलं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ती वर्षानुवर्षं नीट होत नाही आणि मग राग कुत्र्यांवर आणि खायला घालणाऱ्यांवर निघतो.

धूमकेतू_९

राग यायलाच हवा. ज्यांचं मूल शाळेतून चालत येतं त्यांना विचारा.

चौकटीबाहेर

आमच्याकडे तर एकजण म्हणत होता, विष घालून विषय संपवू.

लॅबची_आई

त्यांना सांगा, तो गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि त्या विषाने आधी कुणाचं तरी लहान मूल किंवा मांजर जाईल.

व्यवस्थापक

भटक्या कुत्र्यांवर स्वतंत्र धागा आहे, ती चर्चा तिकडे चालवावी. इथे भरपाईपुरतंच लिहावं ही विनंती.

सायकलस्वार_

अवांतर नाही, मूळ विषयावरच: कामावर असताना चावा झाला तर? मी पार्सलं पोचवतो. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की काळजात धस्स होतं.

कलम_आणि_दौत

फाटकावर ठळक पाटी, बंद कडी, आणि तरीही तुम्ही परवानगीशिवाय आत गेलात, तर मालक त्याचा आधार घेईल. पण पार्सल त्यांनीच मागवलंय, म्हणजे तुम्ही बोलावलेले आहात. फाटकाबाहेरून फोन करा आणि "आत या" म्हणाले तर तो निरोप जपून ठेवा. "कुत्र्यापासून सावध" ही पाटी लावली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. उलट धोका त्याला माहीत होता हे तीच पाटी सांगते. तुम्ही नोकरीवर असाल तर काम करताना झालेल्या इजेची भरपाई नोकरी देणाऱ्याकडून वेगळी मागता येते, कुत्र्याच्या मालकावरचा हक्क त्याने जात नाही.

सातवा_मजला

लहान मुलांच्या बाबतीत मुदतीचं काय? आमचं हुकलंच म्हणायचं का?

कलम_आणि_दौत

नाही हो. अज्ञानाच्या, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाच्या, बाबतीत मुदत तो सज्ञान झाल्यापासून मोजतात. म्हणजे तुमच्या मुलाचा हक्क जिवंत आहे. फक्त पुरावा जुना होत जातो, म्हणून आताच फोटो आणि कागद जपा. आणखी एक: दावा चालू असताना मुलाच्या वतीने आईवडिलांनी तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. मुलाचा हक्क कुणी घाईत सोडून देऊ नये म्हणून ती अट आहे.

सातवा_मजला

धन्यवाद. हे आज पहिल्यांदा कळलं. पत्नीला वाचून दाखवलं.

निशिगंध_

मूळ प्रश्नाकडे येते. शेजाऱ्यांना आज भेटलो. कागद सही न करता परत दिला आणि का ते सांगितलं. ते आधी चिडले, मग काकूंनी आईचा हात बघितला आणि त्या रडल्या. विमा आहे म्हणाले, कंपनीला कळवलंय. पुढच्या तपासणीचा खर्च ते देऊ करतायत. तो घेतला तर हक्क जातो का? पावतीवर काय लिहायचं?

कलम_आणि_दौत

घ्या. हक्क जात नाही, फक्त पावती तुम्ही लिहा. "अमुक तारखेला कुत्र्याच्या चाव्यामुळे झालेल्या इजेच्या उपचारापोटी अमुक रक्कम अंशतः मिळाली. उर्वरित व भावी खर्च, उत्पन्नाचं नुकसान आणि इतर सर्व मागण्यांचे हक्क राखून ही रक्कम स्वीकारली आहे." दोन प्रती, दोघांच्या सह्या. पैसे शक्यतो खात्यावर घ्या.

अंतिम आकडा हात स्थिरावल्यावरच ठरवा. टाकेवाला, किती काळ लागतो?

टाकेवाला

शस्त्रक्रिया झाली तर आधी काही आठवडे हात पट्टीत, मग व्यायाम. काही महिने धरा. कायमचं व्यंग किती राहिलं याचं प्रमाणपत्र उपचार संपल्याशिवाय मागू नका, आधी मागितलं तर तो आकडा नुसता अंदाज असतो. दर आठवड्याला मूठ मिटतानाचा आणि उघडतानाचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

परखड_मत

निशिगंध, बाबांनाही सोबत न्या प्राधिकरणात. शेजाऱ्यांशी त्यांचं जमतं, त्याचा उपयोग होईल.

निशिगंध_

नेणार आहे. आईने स्वतःहून मापांच्या जुन्या वह्या काढून ठेवल्यात, पाच वर्षांच्या.

त्या ताईंशीही बोलले. साक्ष द्यायला तयार आहेत, आणि विचारतायत की त्यांच्या सरकारी दवाखान्यातल्या लसीच्या चिठ्ठ्या आता चालतील का.

कलम_आणि_दौत

चालतील. अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत धरतात, त्यांची घटना गेल्या वर्षीची आहे. चिठ्ठ्यांवर तारीख आणि शिक्का आहे का ते बघा. पुसट झाल्या असतील तर त्याच दवाखान्यातून नोंदवहीचा उतारा मागा, केस पेपरचा क्रमांक सांगितला की मिळतो. आणि त्यांनाच घेऊन या प्राधिकरणात, अर्ज दोन वेगळे करू.